वादळामागची लाट

आमच्या नागपुरात लाट येते ती मे महिन्यात, आणि ती उन्हाची असते. दुसरी लाट पाच वर्षांतून एकदा निवडणुकीत येते. ती आली होती की नव्हती, हे मतमोजणी झाल्यावर ठरते. थंडीचीही एखादी लाट डिसेंबरात येऊन जाते. पण पाण्याची लाट म्हणाल, तर संध्याकाळी वारा सुटला म्हणजे अंबाझरीच्या तलावावर जी काय चुळबुळ होते तेवढीच. देशाचा मध्यबिंदू म्हणून मिरवला जाणारा झीरो माइलचा स्तंभ आमच्या गावात, त्याचा आम्हाला कोण अभिमान! मात्र त्याचा दुसरा अर्थ असा, की पूर्वेचा समुद्र घ्या की पश्चिमेचा, पाचशे किलोमीटरांच्या आत एकही नाही.

मी मराठी शिकवतो. समुद्राची 'गाज' म्हणजे काय, हे समुद्र न पाहिलेल्या मुलांना सांगताना, इतवारीचा बाजार दोन गल्ल्या पलीकडून ऐकावा तसे, अशी उपमा मी वर्षानुवर्षे देत आलो आहे. मुलांना ती पटते. कोकणातल्या माणसाला पटेल की नाही, सांगता येत नाही. अशा या माणसावर चांगल्या लाटेच्या शोधात किनारा पालथा घालण्याची पाळी आली ती २०१९ च्या दिवाळीत, आणि ती आणली माझ्या भाच्याने.

माझी थोरली बहीण वेंगुर्ल्याला दिलेली. नागपूरची मुलगी वेंगुर्ल्याला कशी गेली, ही एक स्वतंत्र कथा आहे आणि तीत एक मध्यस्थ मावशी आहेत. ती पुन्हा केव्हातरी. दर दोन-तीन वर्षांनी मी भाऊबिजेला तिच्याकडे जातो. आधी मुंबई, मग दादरहून सावंतवाडीपर्यंत तुतारी एक्सप्रेस. केशवसुतांच्या कवितेचे नाव २०१७ साली या गाडीला दिले गेले, म्हणून मराठीच्या प्राध्यापकाने दुसऱ्या गाडीने जाणे मला बरे वाटत नाही. त्या वर्षी निघताना घरच्यांनी विचारले, "अहो, तिकडे वादळ आहे ना?" वर्तमानपत्रांत २४ ऑक्टोबरच्या विधानसभा निकालांचा आणि त्यापुढच्या तर्कवितर्कांचा असा काही पूर लोटला होता, की अरबी समुद्रातले वादळ आतल्या पानावर ढकलले गेले होते.

त्या वादळाचे नाव 'क्यार'. हे नाव म्यानमारने सुचवलेले, आणि ब्रह्मी भाषेत त्याचा अर्थ वाघ. नागपूरकराला वाघाचे भय नसते. आम्ही उलट पैसे भरून त्याला पाहायला जातो. पण हा वाघ फार मोठा होता. २४ ऑक्टोबरला पूर्वमध्य अरबी समुद्रात त्याने आकार घेतला, २५ ला त्याचे चक्रीवादळ झाले, तेव्हा ते रत्नागिरीपासून सुमारे दोनशे किलोमीटरांवर होते. किनाऱ्यावर पाऊस आणि उंच लाटांचा मारा करून ते पश्चिमेला वळले आणि ऐन लक्ष्मीपूजनाच्या दिवशी, २७ ला, हवामान खात्याच्या भाषेत 'सुपर सायक्लोन' झाले. वाऱ्याचा वेग ताशी २४० किलोमीटरांपर्यंत गेला. २००७ च्या 'गोनू'नंतर अरबी समुद्राने एवढे मोठे वादळ पाहिले नव्हते. ते जमिनीवर मात्र कुठेच धडकले नाही. समुद्रातच वाढले, समुद्रातच फिरले आणि नोव्हेंबर उजाडता उजाडता समुद्रातच विरले.

पाडव्याच्या दिवशी मी वेंगुर्ल्याला पोचलो तेव्हा पाऊस थांबला होता. आकाश धुतल्यासारखे. वादळ शेकडो किलोमीटर दूर गेले होते. मी म्हणालो, "चला, सुटलो." भाचा हसला. "मामा, वादळ गेले. त्याच्या लाटा आता येतील."

हा मुलगा तेव्हा तेवीस वर्षांचा, पणजीला नोकरीला. तिथे असताना आश्वे-मोरजीच्या किनाऱ्यावर फळीवर उभे राहून लाटेवरून घसरण्याची विद्या शिकलेला. या विद्येला सर्फिंग म्हणतात. मराठीत तिला नाव नाही. आमच्या एका सहकाऱ्यांनी गिर्यारोहणाच्या चालीवर 'लाटारोहण' सुचवले होते. पण गिरी एका जागी उभा असतो आणि आपण चढतो, इथे लाट धावते आणि आपण उतरतो, तेव्हा तो शब्द पास करणे मला जमले नाही. हवाई बेटांवरचे लोक, ज्यांची ही मूळ विद्या, ते तिला 'हेए नालू' म्हणत. त्याचा अर्थ लाटेवरून घसरणे असाच आहे. १७७८-७९ मध्ये कॅप्टन कुकच्या गलबतांवरच्या लोकांनी तिथे फळ्यांवरून लाटांवर स्वार होणारी माणसे पाहिली आणि ते थक्क झाले. ऑलिंपिकमध्ये पोहण्याची सुवर्णपदके मिळवणाऱ्या ड्यूक कहानामोकूने पुढे ही विद्या जगभर नेली. आणि ज्यांच्या रहस्यकथा आपल्या घरोघरी वाचल्या गेल्या, त्या अगाथा ख्रिस्तीबाई १९२२ साली जगप्रवासाला निघाल्या असता दक्षिण आफ्रिकेत नि हवाईत फळीवरून लाटा खेळल्या होत्या. खून कोणी केला याचा विचार त्या लाटेवर करीत असतील काय, कोण जाणे.

वादळ चालू असताना लाटा मोठ्या असतात, मग तेव्हाच का नाही जायचे, असे मी विचारले. मरणाचे भय हे एक उत्तर झालेच. पण भाच्याचे दुसरे उत्तर मला अधिक आवडले. तो म्हणाला, वादळातला समुद्र म्हणजे गर्दी. त्याला रांग लागायची असते.

ही रांग कशी लागते ते त्याने ताईच्या ओट्यावर बसून समजावले. वारा पाण्यावर घासतो तेव्हा लहानमोठ्या सगळ्या लाटा एकदम उठतात, एकमेकींवर आदळतात. वारा जितका जोराचा, जितका वेळ टिकणारा आणि त्याला धावायला मोकळे पाणी जितके लांब, तितक्या लाटा मोठ्या. मग त्या वादळाच्या बाहेर पडतात आणि त्यांची शर्यत सुरू होते. खोल समुद्रात लांब लाट वेगाने धावते, आखूड लाट मागे पडते. दोन लाटांच्या माथ्यांमध्ये सहा सेकंद जात असतील तर ती लाट जवळच्या वाऱ्याची, फारशी कामाची नाही. बारा सेकंद जात असतील तर ती लांबून आलेली. अशा बारा सेकंदांच्या लाटेची लांबी सव्वादोनशे मीटर असते, आणि लाटांचा तो जथा ताशी सुमारे चौतीस किलोमीटरांनी पुढे सरकतो. वादळ सहाशे-सातशे किलोमीटरांवर असेल तर त्याची निवडलेली, रांगेत लागलेली लाट वीस तासांनी आपल्या दारात. "म्हणजे लक्ष्मीपूजनाला निघालेली लाट पाडव्याला पोचते," मी म्हणालो. "आणि भाऊबिजेलाही येत राहते," तो म्हणाला.

यातली एक गंमत तर मी नागपूरला परतल्यावर अंबाझरीत चांगला मोठा धोंडा टाकून पडताळून पाहिली. वर्तुळे पसरू लागली की नीट पाहा : सर्वांत पुढची लाट पुढे जात जात नाहीशी होते आणि जथ्याच्या मागच्या कडेला नवी लाट जन्माला येते. एकेक लाट जथ्याच्या दुप्पट वेगाने धावते, पुढे पोचते आणि विरते. फिरायला आलेले एक गृहस्थ बराच वेळ माझ्याकडे पाहत होते. तिसऱ्या धोंड्याला ते निघून गेले.

या शास्त्राचा पाया घालणाऱ्यांपैकी एक वॉल्टर मंक. दुसऱ्या महायुद्धात सैन्य किनाऱ्यावर उतरवायचे तर लाटा किती असतील, हे आधी सांगण्याची रीत त्यांनी आणि हाराल्ड स्वेर्ड्रुप यांनी बसवली. १९४४ मध्ये नॉर्मंडीच्या स्वारीला तिचा उपयोग झाला. पुढे १९६३ मध्ये मंक यांनी न्यूझीलंडपासून अलास्कापर्यंत ठिकठिकाणी मोजणी मांडून दक्षिणेच्या वादळांतल्या लाटांचा सबंध पॅसिफिकभर माग काढला. दहा हजार किलोमीटरांवरून आलेली लाट ओळखू येते, हे त्यातून दिसले. हे मंक २०१९ च्याच फेब्रुवारीत, वयाच्या १०१ व्या वर्षी वारले. आपल्याकडे लाटांचा अंदाज सांगणारी सरकारी संस्था 'इन्कॉइस' ही हैदराबादला आहे. हैदराबादलाही समुद्र नाही, हे कळल्यावर माझा जीव थोडा भांड्यात पडला.

ताईला मात्र हे शास्त्र नको होते. पंचवीस वर्षांत तिचे समुद्राशी सख्य झालेले नाही. बांगड्याचे तिखले ती वेंगुर्लेकरणीच्या तोडीचे करते, पण स्वतः पाण्यात घोट्याच्या वर कधी गेली नाही. शेजारच्या वाडीतल्या दोन होड्या वादळाआधी परतलेल्या नव्हत्या. त्या देवगडला सुखरूप आहेत एवढा निरोप आला होता. देवगडचे बंदर आडोशाचे, वादळात परराज्यांतल्या नौकाही तिथे आसऱ्याला येतात. पण निरोप आला तरी माणूस डोळ्यांनी दिसल्याखेरीज बायकांचा जीव थाऱ्यावर येत नाही. दोघीतिघी रोज बंदरावर जाऊन उभ्या राहत होत्या. खोल समुद्रात नौदलाच्या 'तेग' या युद्धनौकेने बुडत्या मासेमारी नौकेवरच्या सतरा जणांना वाचवल्याची बातमी त्याच दिवसांतली. "बाप्पा, लोकांची माणसे समुद्रातून घरी येईनात, आणि हा उठून समुद्रात जातो!" ताई म्हणाली. राग आला की ती अजून नागपूरची होते. शेवटी तिने निकाल दिला : मामा बरोबर जाईल. "तो पाण्यात असेतोवर तू डोळा हलवायचा नाहीस." मला पोहता येते ते नागपूरच्या जलतरण तलावापुरते. पण डोळा न हलवण्याचा पर्यवेक्षणाचा अनुभव दांडगा आहे.

भाऊबिजेच्या पहाटेच आम्ही निघालो. गाडीच्या टपावर नऊ फुटी फळी दोरीने बांधलेली. पहिल्यांदा वेंगुर्ला बंदर. टेकडीच्या आडोशाला पाणी कसे निजल्यासारखे. होड्यांना ते उत्तम, भाच्याला निरुपयोगी. मग सागरेश्वरचा लांबलचक किनारा. इथे लाटा होत्या, चांगल्या पुरुषभर उंचीच्या. मला वाटले, झाले काम. भाचा वाळूत उकिडवा बसला आणि दहा मिनिटे नुसता पाहत राहिला. मग मान हलवली. लाट उठत होती आणि या टोकापासून त्या टोकापर्यंत एकदम कोसळत होती; भिंत पडावी तशी. असल्या लाटेवर उभा राहिलेला माणूस भिंतीबरोबर पडतो. त्याला हवी होती एका टोकापासून फुटू लागणारी आणि दुसऱ्या टोकाकडे उलगडत जाणारी लाट. अशी लाट सरळसोट किनाऱ्यावर मिळत नाही. तिला खाली काहीतरी तिरपे लागते : खडकांची सोंड, नाहीतर खाडीच्या तोंडाशी साठलेला वाळूचा दांडा. पाण्याची खोली लाटेच्या उंचीच्या सव्वापटीवर आली की लाट फुटते. म्हणून तळ जसा, तशी लाट. वादळ हा तळच उलटापालटा करून जाते. मागच्या वर्षीची चांगली जागा या वर्षी तिथे असेलच असे नाही. शोध घ्यावा लागतो तो एवढ्यासाठी.

मग आरवली, मग शिरोडा. शिरोड्याला मी थोडा रेंगाळलो. वि. स. खांडेकर इथल्या शाळेत मास्तर होते, १९३० चा मिठाचा सत्याग्रह इथे झाला. मराठीच्या माणसाने इथून तसेच पुढे जाऊ नये. भाच्याने ते सारे शांतपणे ऐकून घेतले आणि विचारले, "मामा, खांडेकर पोहायला जात असत का?" वेळागरचा किनारा सरळ, तिथेही भिंत पडत होती. रेडीला पाणी लोहमातीने तांबूस. तेरेखोलची खाडी तरीने ओलांडून गोव्यात केरीला गेलो. तिथे जीवरक्षकांनी लाल बावटे लावले होते. गोव्यात २००८ पासून किनाऱ्यांवर असे जीवरक्षक नेमलेले आहेत. भाचा त्या बावट्याकडे पाहून मुकाट्याने मागे फिरला. हे मला आवडले.

परतताना दुपारी मोचेमाडला उतरलो. इथे एक छोटी खाडी टेकडीला वळसा घालून समुद्राला मिळते. तोंडाशी पांढरी रेघ तिरपी फुटताना दिसली आणि भाच्याचे डोळे चमकले. पण वारा समुद्राकडून होता. लाटेचा माथा पुढे ढकलून तिचा चुरा करीत होता. वाळूत एक म्हातारे गृहस्थ जाळे दुरुस्त करीत बसले होते. रापणीच्या संघातले. त्यांनी फळीकडे बराच वेळ पाहिले.

"ह्या फळयेर बसान मासो गावता?"

"नाही हो आजोबा. नुसतेच लाटेवर उभे राहायचे."

"आणि मगे?"

"मग पुन्हा जायचे."

त्यांनी माझ्याकडे, जरा मोठा माणूस म्हणून, खुलाशासाठी पाहिले. "खयसून इलास?" नागपूरहून, असे मी म्हणालो. "थंय समुद्र नाय मां?" नाही. "मगे बरा आसा," ते म्हणाले, आणि आमच्याविषयीचे त्यांचे मत बहुधा सुधारले. नंतर त्यांनी जे सांगितले ते भाच्याने मुद्दाम खाली बसून ऐकले. आज नको, वारो भायलो आसा. फाल्यां सकाळी मतलई सुटतलो, तेव्हा येवा. शाळेत आपण खारे वारे नि मतलई वारे पाठ केलेले असतात : दिवसा समुद्राकडून जमिनीकडे, रात्री नि पहाटे जमिनीकडून समुद्राकडे. मला त्याचे गुण मिळाले होते, उपयोग कळला नव्हता. पहाटेचा मतलई वारा लाटेच्या तोंडावर येतो, तिला क्षणभर उचलून धरतो, तिचा चेहरा साफ करतो. वेळही त्यांनीच सांगितली. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ येते, हा कोकणातला जुना ढोबळ हिशेब. उद्या तृतीया, म्हणजे पूर्ण भरती दुपारी दोनच्या अलीकडेपलीकडे, ओहोटी सकाळी आठला. दांड्यावर पाणी चढू लागेल ते नऊनंतर. इन्कॉइसचा अंदाज भाच्याच्या फोनवर होता. त्याचे नि म्हाताऱ्यांचे तासाभरात जमले.

आणखी एक गोष्ट त्यांनी दाखवली. दांड्याच्या उत्तरेला फुटणाऱ्या लाटांच्या मधोमध एक पट्टा होता, पंधरा-वीस पावलांचा. तिथे लाट फुटत नव्हती. पाणी गहिरे, शांत. मी मनात म्हटले, मला उतरायचे असते तर मी इथेच उतरलो असतो.

"येणारी लाट दिसता, जाणारा पाणी दिसणा नाय," म्हातारे म्हणाले.

लाटांनी किनाऱ्यावर आणलेले पाणी परत जाते कुठून, हा प्रश्न मला कधी पडला नव्हता. ते वाळूच्या दांड्यातली फट शोधते आणि एखाद्या ओढ्यासारखे बाहेर धावते. त्याचा वेग सेकंदाला दोन मीटरपर्यंत जाऊ शकतो. एवढ्या ओढीविरुद्ध पट्टीच्या पोहणाऱ्यालाही किनारा गाठता येत नाही. फट खोल, म्हणून तिथे लाट फुटत नाही, म्हणून ती शांत दिसते, म्हणून परगावचे लोक नेमके तिथेच उतरतात. सापडलात तर किनाऱ्याकडे पोहायचे नाही. आडवे, किनाऱ्याला समांतर पोहत ओढीच्या बाहेर पडायचे आणि मग लाटांबरोबर परत यायचे. वादळानंतर या फटी नव्या जागी पडतात. सर्फिंग करणारे मात्र याच ओढीवर बसून फुकटात बाहेर जातात, जिन्याऐवजी लिफ्ट घ्यावी तसे.

त्या संध्याकाळी ताईने ओवाळले. तबकातल्या निरांजनापेक्षा तिचे लक्ष भाच्यावर अधिक होते.

दुसऱ्या दिवशी, ३० ऑक्टोबरला, सकाळी नऊला मोचेमाड. मतलई अंगावर मागून येत होता, थंडगार. समुद्राचे पाणी काचेसारखे आणि त्यावर दूरवरून येणाऱ्या रेघा. मी घड्याळ लावून मोजले : अकरा सेकंद, बारा, पुन्हा बारा. वाघाने धाडलेल्या लाटा होत्या त्या, आणि काय शहाण्यासारख्या चालत येत होत्या! चार-पाच मोठ्या लाटा येत, मग बराच वेळ काही नाही, मग पुन्हा चार-पाच. भाचा ओढीवरून बाहेर गेला, दांड्याच्या पलीकडे जाऊन फळीवर बसला. किती वेळ बसला! मला वाटत होते सर्फिंग म्हणजे सारी धावपळ. प्रत्यक्षात त्यातला बराचसा भाग वाट पाहण्यात जातो. चांगल्या लाटाही तो जाऊ देत होता. मग एकदा वळला, दोन्ही हातांनी पाणी मारू लागला, आणि लाट त्याच्या मागे उभी राहिली. ती फुटण्याआधीच्या क्षणी तो उठला. उजव्या टोकाकडून पांढरा फेस त्याच्यामागे धावत येत होता आणि डावीकडे हिरवी, गुळगुळीत, उन्हात आरपार दिसणारी भिंत उलगडत चालली होती. घडी घातलेले लुगडे कुणी टोकाला धरून झटकावे तशी. तिच्या पोटावरून तो तिरपा निघाला. आठ सेकंद, फार तर नऊ. मग तो पाण्यात पडला, वर आला, आणि एवढा हसला की मला शंभर पावलांवरून दात दिसले. दीड तासात त्याने सात लाटा घेतल्या. मी एकही चुकवली नाही.

जगातले मोठे सामनेसुद्धा असेच दूरच्या वादळांच्या भरवशावर असतात, हे मला पुढे उमगले. टोकियो ऑलिंपिकमध्ये, २०२१ च्या जुलैत, सर्फिंगचा पहिलाच समावेश झाला तेव्हा चिबाच्या किनाऱ्यावर लाटा आणल्या त्या 'नेपार्टाक' नावाच्या वादळाने. अंतिम फेरी एक दिवस अलीकडे घ्यावी लागली आणि ब्राझीलच्या इतालो फेरेराने फळी मोडल्यावर दुसरी घेऊन सुवर्णपदक मिळवले. आपल्याकडेही आता ही विद्या रुजली आहे. २०२५ च्या ऑगस्टमध्ये महाबलिपुरमला झालेल्या आशियाई स्पर्धेत रमेश बुदिहाळने कांस्यपदक घेतले. चेन्नईजवळच्या कोवलमचे आपले कितीतरी खेळाडू कोळ्यांच्या घरचे. त्या म्हाताऱ्यांचे बोलणे ऐकलेल्या मला यात नवल वाटत नाही. पण प्रत्येक वादळामागची लाट खेळायची नसते. २०२१ च्या मे महिन्यात 'तौक्ते' आले, मुंबईच्या समुद्रात 'पी-३०५' तराफा बुडाला, सत्तरहून अधिक माणसे गेली, आणि लाटांनी त्यांतल्या काहींना रायगडपासून दक्षिण गुजरातपर्यंतच्या वाळूत आणून ठेवले. त्या लाटाही लांब, सुरेख असतील. त्या महिन्यात भाच्याने फळी माळ्यावरून खाली काढली नाही.

मोचेमाडला अकरा वाजत आले होते. घाटावरून आलेली एक गाडी थांबली, चार कॉलेजकुमार उतरले आणि धावत पाण्याकडे निघाले. कुठे उतरले असतील? त्या शांत पट्ट्यात. मी ओरडलो, पण वर्गातला आवाज समुद्रापुढे चालत नाही. म्हातारे जाळे टाकून उठले होते. तिघे कमरेइतक्या पाण्यात थबकले. चौथा, सर्वांत पुढचा, पाहता पाहता दांड्याच्या फटीतून बाहेर जाऊ लागला. तो किनाऱ्याकडे तोंड करून हात मारीत होता आणि मागे मागे जात होता. मी नागपूरला हजार वेळा ऐकलेली 'बुडाला' ही बातमी अशी दिसते, हे मला तेव्हा कळले. आरडाओरडा नाही, फेस नाही. एक डोके लहान होत जाते.

भाच्याने ते पाहिले की मी दोन्ही हात हलवले म्हणून तो वळला, ते त्यालाही आठवत नाही. त्याने त्याच ओढीत फळी घातली, मुलाला गाठले, फळीवर आडवे टाकले, आणि परत किनाऱ्याकडे न येता उत्तरेला, आडवा गेला. तिथे लाटा फुटत होत्या. एका पांढऱ्या लाटेने दोघांना फळीसकट आणून वाळूत ओतले. मुलगा शुद्धीवर होता. बराच वेळ खोकत राहिला, मग रडू लागला. त्याचे मित्र भोवती उभे होते, आणि कोणालाच काय बोलावे कळत नव्हते. म्हाताऱ्यांनी त्याच्या पाठीवर थापटले आणि किटलीतला कोरा चहा पाजला.

तेवढ्यात वाडीतून माणसे येऊ लागली. लक्षद्वीपाच्या बाजूला दुसरे वादळ उठत असल्याचा इशारा आला होता. ओमानने सुचवलेले त्याचे नाव 'महा'. वर्तमानपत्रांत त्या दिवसांत 'महा' म्हटले की महायुती नाहीतर महाआघाडी. हे तिसरे 'महा' आणखीच वेगळे निघाले. अरबी समुद्रात एका वेळी दोन वादळे, असे नोंदींत पूर्वी नव्हते. त्या ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या अवकाळी पावसाने पुढे राज्यभर उभी पिके आडवी केली, त्यात आमच्या विदर्भातले सोयाबीन नि कापूसही आले. भाचा ओल्या अंगाने समुद्राकडे पाहत होता. लाटा अजून बारा सेकंदांनी येत होत्या, अजून सुरेख होत्या.

"होडये वर घेवक होये," म्हातारे म्हणाले.

भाच्याने फळी सुरूच्या झाडाला टेकवली आणि दोरीला हात घातला. मीही घातला. त्या चार मुलांपैकी तिघे आपण होऊन आले. चौथ्याला म्हाताऱ्यांनी बसवून ठेवले होते, तोही थोड्या वेळाने उठून आला. ओल्या वाळूवर ओंडके टाकायचे, होडी त्यांवर चढवायची, मागचा ओंडका काढून पुढे ठेवायचा आणि एका हाकेला सगळ्यांनी ओढायचे. नऊ होड्या होत्या. दुपारी दोनपर्यंत आठ सुरूच्या बनात पोचल्या. देवगडहून निघालेल्या शेजारवाडीच्या दोन होड्या तेवढ्यात क्षितिजाशी दिसू लागल्या, म्हणून नववी तशीच ठेवून सगळे पुन्हा पाण्याकडे गेले.